नोव्हेंबरात झाकलेली आरव्ही, एप्रिलमध्ये मेलेली बॅटरी

२०२१ साली उत्तर अमेरिकेत सहा लाखांच्या आसपास आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या प्रवासाच्या गाड्या, कारखान्यांतून बाहेर पडल्या. विक्रमच तो. विमानप्रवास नकोसा, हॉटेलांची धास्ती, मुलं घरात कंटाळलेली. त्या दिवसांत ज्यांनी मोटरहोम घेतली त्यांत आपली मंडळीही होती. उन्हाळ्यात यलोस्टोन, बॅडलँड्स, लेक सुपिरिअरचा काठ असं फिरून झालं की ऑक्टोबरच्या शेवटी गाडी कुठेतरी उभी करायची वेळ येते. पाण्याच्या नळ्यांत गुलाबी अँटिफ्रीझ घालायचं कुणी विसरत नाही, कारण नळी फुटली तर खर्च डोळ्यांसमोर असतो. बॅटरीकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. मग एप्रिलमध्ये किल्ली फिरवली की ‘टक्’ असा एक आवाज येतो आणि पुढे सगळं शांत. घरात एकच निष्कर्ष निघतो: यंदा थंडी फार होती.

थंडीवरचा हा आरोप बऱ्याच अंशी खोटा आहे. बॅटरीला मारते ती तिची रिकामी अवस्था. नीट भरलेली आणि तारांपासून सोडवलेली बॅटरी मिनेसोटाच्या हिवाळ्यातही मजेत राहते. लिथियम बॅटरीचं गणित मात्र वेगळं आहे, त्याबद्दल पुढे. (सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये दिली आहेत.)

गाडी एक, बॅटऱ्या दोन तरी

मोटरहोममध्ये बॅटऱ्यांची दोन स्वतंत्र खाती असतात. एक इंजिनाची, म्हणजे आपल्या कारमध्ये असते तशी. काही सेकंद जोरात करंट द्यायचा आणि मग गप्प बसायचं हे तिचं काम. दुसरी घराची, जिला इकडे ‘हाउस बॅटरी’ म्हणतात. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा हे सगळं तिच्यावर चालतं आणि रात्रभर थोडाथोडा करंट देत राहणं हे तिचं काम. कधी ती १२ व्होल्टची एक असते, कधी गोल्फ कार्टमधल्या ६ व्होल्टच्या दोन एकामागे एक जोडलेल्या असतात. कुठे पायरीखाली, कुठे बाजूच्या कप्प्यात, तर कुठे पार पलंगाखाली.

हे सांगायचं कारण, बहुतेक लोक हिवाळ्याच्या तयारीत यांतल्या एकीचीच काळजी घेतात. दुसरी हळूहळू मरत असते.

आत काय चाललेलं असतं

या दोन्ही बॅटऱ्या अजूनही बहुतेक गाड्यांत शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या असतात. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी पहिली केली, आणि मूळ रचना आजही तीच आहे. शिशाच्या प्लेटा, मध्ये पातळ ॲसिड, असे सहा कप्पे. प्रत्येक कप्पा दोन व्होल्टपेक्षा थोडा जास्त देतो, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते.

बॅटरी वापरली जाते तेव्हा ॲसिडमधला सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतो आणि मागे उरतं ते जवळजवळ पाणी. चार्ज केली की तो सल्फेट प्लेटा सोडून परत द्रावणात येतो. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

प्लेटांवर बसलेला हा लेड सल्फेट ताजा असतो तेव्हा पिठीसाखरेसारखा बारीक असतो. चार्जिंग सुरू केलं की चटकन विरघळतो. तोच दोन-तीन महिने तसाच राहू दिला की त्याची खडीसाखर होते. स्फटिक मोठे आणि टणक होतात, प्लेटेचा तेवढा भाग कायमचा झाकला जातो. यालाच सल्फेशन म्हणतात. वसंतात तुम्ही कितीही चांगला चार्जर लावा, ही खडीसाखर पूर्ण विरघळत नाही. बॅटरी ‘भरली’ असं दाखवते, पण पंप दहा मिनिटं चालवला की दिवे मिणमिणायला लागतात.

भरलेली बॅटरी सहसा गोठत नाही

शुद्ध पाणी शून्याला गोठतं, ॲसिड मिसळलेलं फार खाली. पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं द्रावण गोठायला उणे ५० च्याही खाली जावं लागतं. अलास्कातल्या फेअरबँक्सला राहत नसाल तर ही चिंता सोडून द्या. बॅटरी निम्मी उतरली की ही मर्यादा उणे २० ते २५ च्या आसपास येते, आणि पार उतरलेली असेल तर उणे ७ ते १० मध्येच बर्फ होतो. तेवढी थंडी शिकागो, टोरांटो, मिनीॲपोलिस कुठेही जानेवारीत अगदी नेहमीची.

बर्फ फुगतो, प्लेटा वाकतात, डबा तडकतो. बॅटरीच्या बाजू बाहेर आलेल्या दिसल्या, तर तिला चार्जर अजिबात लावू नका. गोठलेल्या बॅटरीला चार्ज करताना ती फुटून ॲसिड उडण्याचा धोका खरा आहे. ती पूर्ण वितळू द्या, नीट तपासा, आणि तडा किंवा फुगवटा असेल तर तिचा नाद सोडा.

उलट बाजूही बघण्यासारखी आहे. कुठलीही बॅटरी नुसती पडून राहिली तरी आतल्या आत थोडी उतरते. साधी, पाणी घालायची शिसं-ॲसिड बॅटरी घरातल्या तापमानाला महिन्याला साधारण पाच टक्के. बंद, पाणी न घालायची एजीएम प्रकारची त्याहून कमी. पण तापमान दहा अंशांनी घसरलं की हा वेग जवळपास निम्मा होतो. म्हणजे थंडीत पडलेली, तारा सोडलेली, भरलेली बॅटरी जवळजवळ झोपी जाते. तिला उचलून तळघरात भट्टीशेजारी आणून ठेवली तर ती उलट लवकर उतरते. ‘बॅटरी घरात आणा’ हा सल्ला इकडे सगळे देतात, पण त्याचा खरा फायदा ऊब हा नाहीच. समोर असली की तिच्यावर लक्ष राहतं, एवढाच.

दाराजवळचा हिरवा दिवा

मग भरून ठेवलेली बॅटरी रिकामी कशी होते?

एखाद्या संध्याकाळी गाडीतले सगळे दिवे बंद करा आणि अंधारात जमिनीलगत बघा. दाराजवळ किंवा स्वयंपाकाच्या ओट्याखाली, घोट्याच्या उंचीवर, एक बारीक हिरवा दिवा दिसेल. तो प्रोपेन गॅसचा डिटेक्टर. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून त्याची जागा खालीच. हे यंत्र चोवीस तास जागं असतं आणि मॉडेलप्रमाणे ०.०५ ते ०.१ अँपिअर खातं. ऐकायला नगण्य. शिवाय स्टिरिओचं घड्याळ, फ्रिजचा सर्किट बोर्ड, आपोआप बाहेर येणाऱ्या पायरीचा कंट्रोल, असं प्रत्येकाचं थोडंथोडं. सगळं मिळून ०.२ अँपिअर धरू.

०.२ गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ४.८ अँपिअर-तास. हाउस बॅटरी १०० अँपिअर-तासांची असेल तर दहा-अकरा दिवसांत निम्मी, तीन आठवड्यांत खल्लास. गाडी उभी राहणार असते नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे जवळपास दीडशे दिवस. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास बॅटरी रिकामी झालेली असते, आत पाणी उरलेलं असतं आणि खरा हिवाळा तर अजून यायचा असतो. थंडीचं नाव बद्दू होतं ते असं.

“पण मी बॅटरी तोडणारा डिस्कनेक्ट स्विच बंद करतो की!” करत असाल, आणि ते चांगलंच आहे. अडचण एवढीच की बऱ्याच गाड्यांत गॅस डिटेक्टर, सोलरचा कंट्रोलर अशा काही तारा त्या स्विचला वळसा घालून थेट बॅटरीवर जोडलेल्या असतात. सुरक्षेचं यंत्र चुकून बंद पडू नये हा हेतू रास्त आहे. पण स्विच बंद केला आणि तो हिरवा दिवा तरीही चालू असेल तर समजा, गळती चालूच आहे. शिवाय तो स्विच बहुतेकदा फक्त घराच्या खात्याचा असतो. इंजिनाची बॅटरी गाडीचा कॉम्प्युटर आणि रिमोटची किल्ली यांना पोसत बसलेलीच असते. अमेरिकेतल्या बहुतांश आरव्ही इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात, आणि जानेवारीत तिथेही बर्फच असतो. तरी ही गोष्ट दाराशेजारी ठळक अक्षरांत लिहावी असं कुणाला का वाटत नाही, देव जाणे.

करायचं काय

आधी बॅटरी पूर्ण भरून घ्या, आणि तेही ऑक्टोबरच्या सौम्य हवेत. गार पडलेली बॅटरी चार्ज सावकाश घेते आणि तिला भरायला व्होल्टेजही जास्त लागतं. तापमान न बघणारा चार्जर ‘झालं’ म्हणून मोकळा होतो आणि बॅटरी अर्धपोटी राहते.

पाणी घालायची बॅटरी असेल तर झाकणं उघडून टॉर्चने आत बघा. प्लेटांचे माथे बुडालेले हवेत. उघडे पडले असतील तर तेवढे बुडतील इतपत डिस्टिल्ड वॉटर घालून मग चार्ज करा, आणि उरलेली पातळी चार्ज झाल्यावर पुरी करा, कारण चार्ज होताना द्रावण वर चढतं. नळाचं किंवा बाटलीतलं मिनरल वॉटर चालत नाही. पाणी घालून चार्ज न करताच गाडी बंद करून जाणं सगळ्यात वाईट: ते पाणी वरच्या वर राहतं आणि पहिल्या कडाक्याच्या रात्री गोठतं.

मग तारा काढा. आधी ऋण, म्हणजे बहुधा काळी, नंतर लाल. त्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवाच. ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांमध्ये कुठली तार कुठे होती हे एप्रिलमध्ये कुणालाही आठवत नाही, आणि तिथला घोटाळा महागात पडतो. हातातली अंगठी, कडं, बांगड्या, गळ्यातली लोंबती साखळी आधी उतरवून ठेवा. धातू दोन टर्मिनलांना एकदम टेकला तर क्षणात लाल होतो. टर्मिनलवर पांढरट-निळसर फूल आलं असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका.

एवढं झालं की बॅटरी गाडीतच राहिली तरी हरकत नाही, असं माझं स्पष्ट मत. पंचवीस किलोचं धूड पायरीखालून ओढून काढताना पाठ धरली तर बॅटरी वाचल्याचा आनंद टिकत नाही. अपवाद जुन्या बॅटरीचा. चार-पाच वर्षं झालेली, आधीच कुरकुरणारी असेल तर गॅरेजमध्ये आणा, कारण तिला मध्येच चार्ज करावं लागणार.

दीड-दोन महिन्यांनी एकदा मल्टीमीटर लावून बघा. अगदी साधाही चालतो. डायल डीसी व्होल्टवर, लाल काडी धनवर, काळी ऋणवर. १२.६ च्या वर असेल तर परत जाऊन चहा घ्या. १२.४ म्हणजे पाऊण उरली, आता भरायला हवी. १२.२ ला निम्मी, १२.० ला पाव. ६ व्होल्टच्या बॅटरीला हेच आकडे निम्मे करून वाचा. मात्र चार्जर काढल्या काढल्या मोजू नका. तेव्हा १३ च्या वरचा आकडा दिसतो आणि तो फसवा असतो. रात्रभर जाऊ द्या, मग जे दिसेल ते खरं.

“मग प्लग लावूनच ठेवतो ना”

गाडी घराशेजारी असेल तर हा विचार साहजिक आहे, आणि चार्जर शहाणा असेल तर बरोबरही आहे. गाडीत कन्व्हर्टर नावाचा डबा असतो. तो घरातल्या विजेवर १२ व्होल्टची उपकरणं चालवतो आणि बॅटरीही भरतो. नव्या कन्व्हर्टरला कळतं: आधी १४.४ व्होल्टच्या आसपास जोरात भरायचं, मग हळू, आणि भरल्यावर १३.२ ते १३.६ वर नुसता आधार द्यायचा. या शेवटच्या टप्प्याला फ्लोट म्हणतात. जुने कन्व्हर्टर मात्र भरलेल्या बॅटरीलाही तेच १३.८ व्होल्ट महिनोन्‌महिने देत राहतात. आतलं पाणी हळूहळू उडून जातं, हायड्रोजन तयार होतो, प्लेटा कोरड्या पडतात. दुकानात मिळणारे स्वस्त, साधे ट्रिकल चार्जरही यातलेच.

तुमचा कुठला ते ओळखायला मल्टीमीटर पुरे. दोन दिवस प्लग लावून ठेवा आणि बॅटरीवर आकडा बघा. १३.२ ते १३.६ दिसला तर निर्धास्त राहा, महिन्याला पाणी तेवढं बघा. अजूनही १३.८ किंवा वर असेल तर प्लग काढा आणि एक छोटा फ्लोट चार्जर घ्या. बॅटरीचा कप्पा हवेशीर हवा, हे दोन्ही बाबतींत.

“महिन्यातून एकदा इंजिन चालू करतो”

हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि हेतू चांगला असला तरी पदरात फार पडत नाही. जागेवर दहा मिनिटं चालणारं इंजिन गार बॅटरीत फारच थोडं भरतं. इंजिन पुरतं तापतही नाही, त्यामुळे जळणातून निघालेली वाफ तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन राहते. चालवायचीच तर कोरडा रस्ता बघून अर्धा-पाऊण तास खरोखर फिरवून आणा. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू करणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला घरात बोलावणं.

“छतावर सोलर आहे की”

मिनीॲपोलिस ४५ अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम २२ अंश वर येतो, दिवस नऊ तासांचाही नसतो, आणि छतावर आडव्या पडलेल्या पॅनेलवर ऊन तिरकं घसरून जातं. वर बर्फाचा थर, किंवा तुम्हीच हौसेनं घातलेलं कव्हर. अशा वेळी पॅनेल शून्य देतं आणि रात्री कंट्रोलर स्वतःच थोडं खातो. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटला हिवाळा काढणाऱ्यांचं वेगळं. त्यांना सोलर पुरून उरतं. उत्तरेत मात्र सोलरच्या भरवशावर बॅटरी सोडू नका.

सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते, ही भीतीही अजून ऐकू येते. जुन्या काळी डबे लाकडाचे आणि रबराचे असायचे, त्यांतून ओल झिरपायची. तेव्हा त्यात थोडं तथ्य होतं. आजच्या प्लास्टिकच्या डब्याला जमिनीशी देणंघेणं नाही.

लिथियम असेल तर नियम उलटे

गेल्या काही वर्षांत हाउस बॅटरीच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेट बसवायची लाट आली आहे. हे रसायन बॅटरीत चालतं हे १९९७ मध्ये टेक्सासच्या विद्यापीठात जॉन गुडइनफ या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेतून जगासमोर आलं. त्या निबंधावर पहिलं नाव पाढी यांचं आणि दुसरं नंजुंडस्वामी यांचं, दोघंही आपल्याकडचे. गुडइनफना २०१९ चं नोबेल मिळालं तेव्हा ही नावं आपल्या वर्तमानपत्रांत अजून ठळक यायला हवी होती, पण ते असो.

हिला पूर्ण भरून ठेवणं गैर. निम्म्याच्या आसपास, चाळीस ते साठ टक्के भरलेली ठेवायची. फ्लोट नको, महिनोन्‌महिने प्लग तर नकोच. आणि सर्वांत कडक नियम: शून्याच्या खाली चार्ज करायचं नाही. त्या थंडीत लिथियम ऋण बाजूच्या ग्रॅफाइटच्या आत शिरू शकत नाही, वरच धातूच्या रूपात साचतो. क्षमता कायमची जाते, आणि साचत गेलं तर आत शॉर्टही होऊ शकतं. चांगल्या बॅटरीतलं बीएमएस, म्हणजे आतला रखवालदार सर्किट, गारठ्यात चार्जिंग अडवतं. काहींत गरम करायची सोयही असते. स्वस्त बॅटऱ्यांत दोन्ही नसू शकतं. छतावरचं सोलर तारा न सोडता राहिलं तर जानेवारीच्या एखाद्या लख्ख सकाळी, उणे पंधरात, ते इमानेइतबारे चार्ज करायला लागतं.

मल्टीमीटरही इथे फारसा कामाचा नाही. शिशाची बॅटरी व्होल्टेजवरून पोटातलं सांगते. लिथियम बराच काळ १३.१ ते १३.३ च्या दरम्यानच घुटमळते. तिच्यासाठी आत गेलेला-बाहेर आलेला करंट मोजणारा मॉनिटर लागतो, किंवा कंपनीचं ब्लूटूथवालं ॲप.

म्हणून हिच्याबाबतीत मी घरी आणायच्याच बाजूचा आहे. वजन शिशाच्या निम्म्याएवढं, बहुतेक उत्पादक साठवणीची खालची मर्यादा उणे २० च्या आसपास देतात, आणि उत्तरेतल्या रात्री त्याच्या खाली सहज जातात. कपाटात ठेवा, दोन-तीन महिन्यांनी ॲप बघा. डब्यावरच्या लेबलवर वेगळे आकडे असतील तर लेबलचं ऐका.

पुण्यातल्या बंद फ्लॅटचा इन्व्हर्टर

ज्यांच्याकडे मोटरहोम नाही त्यांच्याही कामाची गोष्ट यात आहे. आई-बाबा सहा महिने मुलाकडे न्यू जर्सीला येतात, आणि पुण्यातल्या किंवा नाशिकच्या फ्लॅटमध्ये इन्व्हर्टर तसाच राहतो. मेन स्विच बंद करून निघालात आणि इन्व्हर्टर चालूच राहिला, तर त्याला वाटतं वीज गेली. तो घराला वीज पुरवत बसतो आणि बॅटरी रिकामी होते. परत आल्यावर तीच खडीसाखर. तिथे गोठण्याचा प्रश्न नाही, पण उष्णतेमुळे आपोआप उतरण्याचा वेग जास्त असतो. निघण्यापूर्वी पाणी पाहा, बॅटरी पूर्ण भरू द्या, इन्व्हर्टर बंद करा, बॅटरीची एक तार सोडवून घ्या. शेजारच्या काकांकडे किल्ली असतेच. दोन महिन्यांनी एकदा दिवसभर चार्जिंगला लावायला सांगा. एप्रिल-मे मध्ये पडत असेल तर महिन्याभरानंच.

एप्रिलमध्ये

परत जोडताना क्रम उलटा: आधी लाल, शेवटी काळी. त्याआधी मल्टीमीटर, पाण्याची पातळी, एकदा पूर्ण चार्ज आणि रात्रभर विश्रांती. सकाळी आकडा १२.६ असेल तर पंप आणि दिवे तासभर चालवून पुन्हा मोजा. धाडकन १२ च्या खाली आला तर आत प्लेटा गेल्या आहेत, आणि महागडे ‘पुनरुज्जीवन’ चार्जर विकत घेण्याआधी नव्या बॅटरीची किंमत विचारा. गॅस डिटेक्टरचा दिवा पुन्हा हिरवा झाला का तेही बघा. त्याचं आयुष्य पाच-सात वर्षांचंच असतं, मागच्या बाजूला तारीख छापलेली असते, आणि २०२१ च्या गाड्यांतल्या बऱ्याच डिटेक्टरची मुदत आता संपत आली आहे.

मेलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका. नवी घेताना दुकानात जुनी परत न केल्यास कोअर चार्ज म्हणून वेगळे डॉलर लावतात. जुनी नंतर नेऊन दिली की ते परत मिळतात, पण त्यासाठी पावती लागते.